रझाकार मी बघितलेत

मयताच्या घरी भेटायला गेल्यावर काय बोलू नये, हे आमच्या भागात कुणाला शिकवावं लागत नाही. ओसरीवर सतरंजी अंथरलेली असते. येणारा खाली मान घालून बसतो, 'कसं झालं' एवढं विचारतो आणि घरातलं माणूस दहाव्यांदा तेच सांगतं. एखादा तोंडाळ पाव्हणा असतोच. तो डॉक्टरला शिव्या घालतो, भावकीतलं जुनं उकरून काढतो, 'ह्याला कारण अमकाच' म्हणून नाव घेतो. तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेलं एखादं वडीलधारं माणूस म्हणतं, "आता नको. दिवस होऊ दे." पाव्हणा गप्प बसतो. त्याचं म्हणणं खोटंच असतं असं नाही. पण ती वेळ नसते, आणि ज्याचं नाव घेतलं तोही त्याच सतरंजीच्या टोकाला बसलेला असतो.

देशावर असा प्रसंग येतो तेव्हा सगळा देशच भेटायला बसतो, आणि 'आता नको' म्हणणारं कुणी सापडत नाही. टीव्हीवर तर तोंडाळ पाव्हण्याला मुद्दाम मधोमध बसवतात.

२२ एप्रिल २०२५ ला पहलगामजवळच्या बैसरन पठारावर २६ माणसं मारली गेली. त्यातली ६ महाराष्ट्रातली होती. डोंबिवलीची, पुण्याची, पनवेलची. उन्हाळ्याच्या सुट्टीतलं काश्मीर आता आमच्याकडच्या शिक्षकांच्या, बँकवाल्यांच्याही आवाक्यात आलंय. ज्याच्या त्याच्या ओळखीतलं कुणीतरी नुकतंच जाऊन आलेलं होतं, नाहीतर जायच्या बेतात होतं. त्यामुळं ही बातमी लांबची राहिली नाही. त्या आठवड्यात रेणापुरात कुठंही बसा, दुसरा विषय नव्हता.

बाहेरच्या माणसाला रेणापूर म्हटलं की रेणुकादेवी आणि तिथली हलती दीपमाळ आठवते. आमचं खरं ठिकाण पिंपळफाटा. लातूर-अंबाजोगाईकडं जाणारी येणारी माणसं तिथं उतरतात, बाजाराची, कोर्टकचेरीची, कारखान्याच्या उसाची बोलणी तिथं होतात. फाट्याजवळच्या एका हॉटेलात मी बसलो होतो. हॉटेल म्हणजे पत्र्याचं छप्पर, दोन बाकडी, भज्यांची कढई आणि वर कोपऱ्यात टांगलेला टीव्ही. एका बाकड्यावर मोटारी भरून देणारा मिस्त्री बसला होता. मे महिना तोंडावर आला की विहिरी-बोअरचं पाणी खाली जातं, मोटारी कोरड्या चालून जळतात आणि ह्या माणसाच्या दुकानापुढं पाणबुडी मोटारींची रांग लागते. त्याची बोटं तांब्याच्या तारेनं चिरलेली असतात, नखांत वॉर्निश. दाढीवरून आणि नावावरून तो कोण हे सगळ्या फाट्याला माहीत आहे. नमाज, रोजे, पोरीचं लग्न, सगळंच माहीत आहे.

टीव्हीवर कुणीतरी ओरडत होतं. पंचविशीतला एक पोरगा उभ्या उभ्या चहा पीत होता. तो एकदम म्हणाला, "आता ह्यांच्या दुकानातून सुईबी घ्यायची न्हाई. नाव इचारूनच व्यवहार करायचा. रझाकारीत काय केलं ह्यांनी, ते इसरलो का आपण?"

हॉटेलात असं काही बोललं गेलं की एक ठरलेली गोष्ट होते. कुणी ग्लासात बघतं, कुणी मोबाइल काढतं, कुणी उगाच 'बिल किती झालं' विचारतं. तसंच झालं. मिस्त्रीनं मान वर केली नाही. बशीतला चहा तो ओठांपर्यंत नेत होता, तो तिथंच थांबला.

बोलले ते बापू. वय पंच्याऐंशीच्या पुढं, धोतर, टोपी, हातात काठी. त्यांनी आधी हॉटेलवाल्याला टीव्ही बारीक करायला लावला. मग विचारलं, "रझाकार तू बघितलास का?"

"न्हाई. पर ऐकलंय की."

"मी बघितलेत. नऊ वर्साचा व्हतो."

एवढं बोलून ते थांबले. पोरगं वाट बघत राहिलं. बापूंनी पुढं रझाकारांचं काहीच सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, "तुझा मामेभाऊ फौजेत हाय ना? कुठं हाय सध्या?"

"तिकडंच. राजौरीला."

"फोन लागला का त्येचा?"

"न्हाई. दोन दिस झालं." पोराचा आवाज खाली आला.

"मामीला केलास का?"

त्यानं मान हलवली. केला नव्हता.

"मग आधी ते कर. माय घरी जीव मुठीत घिऊन बसली आसंल. गोळ्या घालणाऱ्याला सरकारनं धरावं, फासावर द्यावं, मी तुझ्यासंगं हाय. पर ह्या मिस्त्रीकडं बघून बोल. तुझी मोटार ह्याच्याकडंच पडलीय न्हाई का?"

बाकड्यावरचे दोघंतिघं हसले. बापूंनी काठी आपटली. "हसायला काय झालं? त्येचं रान वाळायलंय आन तुम्ही हसायलाव."

मला ह्या सगळ्यात हे हसू अडवणं मोठं वाटलं. पोरगं त्या हसण्यात सापडलं असतं तर ते तिथंच अडून बसलं असतं. चारचौघांत हसं झालेला माणूस स्वतःचं वाक्य मागं घेत नाही, उलट दुप्पट आवाजात पुन्हा म्हणतो. बापूंनी त्याला चूक ठरवलं, लहान केलं नाही. मी तेवढ्यात आदिल हुसेन शहाचं नाव काढलं. घोड्यावरून पर्यटक नेणारा तो तरुण पर्यटकांना वाचवताना त्याच पठारावर मारला गेला. पोरगं म्हणालं, "ते खरं हाय, पर..." त्या 'पर'च्या पुढं त्याला काही सुचलं नाही. चहाचे पैसे ठेवून तो निघून गेला.

तो बदलला का? नाही. चार दिवसांनी त्याच्या मोबाइलच्या स्टेटसला तसलंच काहीतरी होतं. पण बापू त्याला बदलायला बोललेच नव्हते, असं मला वाटतं. ते बोलले बाकड्यावरच्या माणसासाठी, आणि ग्लासात बघणाऱ्या आम्हा बाकीच्यांसाठी. भडक बोलण्याला उत्तर देताना आपण बोलणाऱ्याच्याच तोंडाकडं बघत राहतो आणि त्याचं मन वळत नाही म्हणून हताश होतो. त्या वाक्याचा खरा परिणाम ऐकणाऱ्यांवर होत असतो.

रझाकारांचं नाव मराठवाड्यात असं सहज निघतं. त्यात खोटं काही नाही. आमचा भाग निजामाच्या राज्यात होता, आणि निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी हा लातूरलाच वकिली करायचा. आधीचा नेता बहादूर यार जंग गेल्यावर मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीनची सूत्रं त्याच्याकडं आली. लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा लावू, असली भाषा तो सभांतून करायचा. भडक धार्मिक बोलण्याचा इतका मोठा कारखाना आमच्यापासून २० किलोमीटरवरच्या गावातून निघाला होता, हे आम्ही पाव्हण्यांना सांगत नाही. १९४७-४८ मध्ये सरहद्दीवरच्या गावांतली बायकापोरं रातोरात बार्शीकडं, मुंबई इलाख्यात निघून गेली. ज्यांच्या घरातलं कुणी गेलं, त्यांना हे पुस्तकात वाचायची गरज पडली नाही.

पण त्या वेळी रझवीला उत्तर देणारे मुसलमानही होते, आणि त्यांची नावं आमच्या फाट्यावर कुणाला ठाऊक नाहीत. शोएबुल्ला खान हा 'इमरोज' नावाच्या उर्दू दैनिकाचा संपादक. वय तिशीच्या आतलं. हैदराबाद संस्थानानं भारतात यावं, रझाकारांचा उच्छाद थांबवावा, असं तो उर्दूत, म्हणजे रझवीच्या श्रोत्यांच्याच भाषेत लिहायचा. तशाच अर्थाचं काही मुस्लिम मंडळींचं पत्रक त्यानं छापलं. २१ ऑगस्ट १९४८ च्या रात्री घरी परतताना रझाकारांनी त्याला गाठलं, गोळ्या घातल्या आणि लिहिता हात तोडला. पुढच्याच महिन्यात, १७ सप्टेंबरला, निजामानं शरणागती पत्करली. हा दिवस आम्ही मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो. झेंडावंदनाला स्वामी रामानंद तीर्थांचं, गोविंदभाई श्रॉफांचं नाव घेतलं जातं, ते घ्यायलाच हवं. शोएबुल्लाचं नाव मी आमच्या तालुक्यातल्या एकाही भाषणात ऐकलेलं नाही. 'रझाकारीत ह्यांनी काय केलं' असं कुणी म्हणालं तर 'ह्यांच्यातल्याच एकानं जीव देऊन त्यांना अडवलं' हे सांगायला आम्हाला नाव तरी ठाऊक असायला हवं होतं.

ह्या पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे भारताच्या लष्करी कारवाईनंतर, काय झालं, ते जुनी माणसं आवाज खाली करून सांगतात. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड ह्या जिल्ह्यांत मुसलमानांची कत्तल झाली. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं, वेगळा जिल्हा झाला १९८२ साली. नेहरूंच्या सरकारनं पंडित सुंदरलाल यांना चौकशीला पाठवलं. त्यांच्या पथकानं मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला, आणि तो अहवाल कित्येक दशकं बाहेर आला नाही. त्या अहवालातली एक नोंद मला फार महत्त्वाची वाटते. शेजाऱ्याला वाचवणारे हिंदूही पुष्कळ होते, आणि एकाच धंद्यातल्या माणसांमध्ये ही माया जास्त दिसली, असं त्यात म्हटलं आहे. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना जमावापासून वाचवलं, आणि त्यात स्वतःचे जीवही गमावले. एका मागावर बसणाऱ्यांना एकमेकांची बोटं ओळखू येतात. त्यांना भाषण करावं लागलं नसावं.

बापूंना मी नंतर विचारलं, त्या दिवशी रझाकारांचं पुढं का सांगितलं नाही? ते म्हणाले, "सांगायचं तर दोन्ही सांगावं लागतंय. आधी आम्ही पळालो, मग ते पळाले. दोघांच्याबी लेकरांच्या पायात काय नव्हतं. येवढं सगळं च्याच्या एका कपात सांगून व्हतंय का?"

आता एक गोष्ट, जी माझ्यासारख्या विचाराच्या लोकांना बोलायला जड जाते. बैसरनला मारेकऱ्यांनी धर्म विचारला होता. वाचलेल्या बायकांनी, लेकरांनी ते सांगितलं आहे. सलोख्याची भाषा करणारे पुष्कळ जण ह्या एका गोष्टीला बगल देतात. 'दहशतवादाला धर्म नसतो' म्हणतात आणि पुढं जातात. समोरच्याला ते लगेच कळतं. आपण काहीतरी लपवतोय अशी त्याची खात्री होते, आणि मग आपण पुढं जे खरं बोलतो तेही त्याला खोटं वाटतं. त्यांनी धर्म विचारून मारलं, हे स्वतःच्या तोंडानं म्हणावं. नंतर म्हणावं की नाव विचारून व्यवहार करायचा म्हणजे त्यांचाच प्रश्न रेणापुरात आणून विचारायचा. हे बोलायचा हक्क आधीचं कबूल केल्यावरच येतो.

ह्याच्या उलट वाटेनं गेलेला एक दाखला महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. १२ मार्च १९९३ ला मुंबईत साखळी बॉम्बस्फोट झाले, २५७ माणसं गेली. डिसेंबर-जानेवारीच्या दंगलींची राख अजून गरम होती. नुकतेच मुख्यमंत्री झालेले शरद पवार त्या संध्याकाळी दूरदर्शनवर बोलले आणि जिथं स्फोट झालेला नव्हता त्या मशीद बंदरचंही नाव त्यांनी घेतलं. फक्त हिंदूंच्या वस्तीत स्फोट झाले असं लोकांना वाटू नये, म्हणून आपण ते जाणूनबुजून बोललो, हे त्यांनी पुढं स्वतःच अनेकदा सांगितलं. त्या रात्री शहर पेटलं नाही. मी त्यांना दोष देणार नाही; मुख्यमंत्र्याला एका रात्रीपुरती अशी मुभा द्यावी लागत असेल. पण ती मुभा तुम्हाला मला नाही. आपल्याला त्याच माणसांत उद्याही बसायचं असतं, आणि फाट्यावर खोटं दुसऱ्या दिवशी सकाळी उघडं पडतं. शिवाय आज मोबाइल सगळ्यांच्या हातात आहे, बातमी टीव्हीच्या आधी खिशात येते.

खिशातल्या त्या बातम्यांवरून आठवलं. पहलगामनंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी आमच्या भावकीच्या ग्रुपवर एक चित्रफीत आली. हातात तलवारी घेतलेला जमाव, खाली मजकूर, 'काश्मिरात कालच जल्लोष'. ती पाठवणारे होते आमचे जावई. मराठवाड्याबाहेरच्या वाचकाला ह्यातली अडचण कळायची नाही. जावयाला आम्ही ताटातलं मीठ जास्त झालं असंही म्हणू देत नाही, त्याच्या आधी आपणच माफी मागतो. त्याला 'हे खोटं आहे' कोण म्हणणार? ग्रुपवर सासरे होते, मेव्हणे होते, सगळ्यांनी वाचलं होतं आणि दोघांनी तर जोडलेले हात आणि अंगठेही टाकले होते.

मला त्या वेळी आधार मिळाला तो रवींद्रनाथांचा. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये भयंकर भूकंप झाला, हजारो माणसं मेली. गांधीजी तेव्हा दक्षिणेत हरिजन दौऱ्यावर होते. ते म्हणाले, हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाची ईश्वरानं दिलेली शिक्षा आहे. रवींद्रनाथांना अस्पृश्यतेची चीड गांधींइतकीच होती, पण हे बोलणं त्यांना मुळीच पटलं नाही. निसर्गातल्या उत्पाताची कारणं निसर्गातच शोधावीत, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी निवेदन लिहिलं आणि आधी गांधींकडंच धाडलं. तुमच्या नावानं छापून आलेलं खरं असेल तर हे छापा, असं कळवलं. गांधींनी ते आपल्याच 'हरिजन'मध्ये, १६ फेब्रुवारीच्या अंकात छापलं आणि शेजारी स्वतःचं उत्तर दिलं. गांधींनी मत बदललं नाही. रवींद्रनाथांनीही बदललं नाही. आधी खात्री करून घेणं, मग ज्याचं त्याला कळवणं, आणि तरीही उघडपणे बोलणं, हा क्रम मला तिथं सापडला. खासगीत समजावून उघड्यावर गप्प बसणं ह्याला आपण सौजन्य म्हणतो. रवींद्रनाथ तसे गप्प बसले नाहीत.

मी जावयांना आधी फोन केला. लेकीची, नातवंडांची चौकशी केली आणि मग म्हणालो, "ते काश्मीरचं नाही, जुनं आहे, दुसरीकडचं आहे. मी ग्रुपवर तेवढं टाकणार आहे, तुम्हाला आधी सांगावं म्हणून फोन केला." ते म्हणाले, "टाका की मामा, मला तरी आलंय तेच पाठवलं." मी एक ओळ टाकली: ही चित्रफीत पहलगामची नाही, जुनी आहे. बाकी काही लिहिलं नाही. त्यांनी ती काढली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याकडून नेहमीसारखा गणपतीचा फोटो आणि 'शुभ सकाळ' आलं. दिवाळीला ते आले तेव्हा पुरणपोळ्या नेहमीसारख्याच झाल्या.

भूकंपाचा विषय निघाला की लातूर जिल्ह्यातला माणूस १९३४ वर थांबत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. रात्री गणपती बुडवून गावं झोपली होती. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं झोपेतच गाडली गेली, सुमारे १० हजार माणसं गेली. आम्ही साठेक किलोमीटर वर, आमच्याकडं भांडी पडली, भिंतींना भेगा गेल्या. त्याच वर्षी मुंबईची दंगल झालेली, स्फोट झालेले. हिंदू-मुसलमान हा शब्द तोंडात शिवीसारखा झाला होता. तेव्हाही 'देवाचा कोप' म्हणणारे होते, कुणाच्या पापानं हे झालं याची यादी सांगणारे होते. पण त्यांचं बोलणं फार चाललं नाही. मातीच्या धाब्याखालून माणूस ओढून काढताना हात दिसतो, नाव दिसत नाही, आणि ढिगारा उपसणाऱ्याला पाप मोजायला वेळ नव्हता. पहलगामच्या वेळी आम्हाला उपसायला काहीच नव्हतं. बसून बघायचं होतं आणि बोलायचं होतं. मला वाटतं, रिकाम्या हातांचा राग असा तोंडात येतो.

ज्यांच्या हातून माणूस खरोखर सुटलं होतं, त्यांच्यातल्या काहींनी मात्र आपल्यापेक्षा नीट शब्द वापरले. नौदलातले लेफ्टनंट विनय नरवाल यांचं लग्न हल्ल्याच्या ६ दिवस आधी, १६ एप्रिलला झालं होतं. १ मे हा त्यांचा वाढदिवस. त्या दिवशी करनालला त्यांच्या नावानं रक्तदान शिबिर होतं. तिथं त्यांच्या पत्नी हिमांशी यांनी सांगितलं की आम्हाला न्याय हवा आहे, आणि लोकांनी मुसलमानांच्या किंवा काश्मिरींच्या मागं लागू नये, आम्हाला शांतता हवी आहे. न्याय आणि शांतता, दोन्ही त्या एका दमात बोलल्या. त्यावर त्यांना ज्या शिव्या पडल्या त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. राष्ट्रीय महिला आयोगाला त्याचा निषेध करावा लागला. नवरा गमावलेल्या बाईला दुःख कसं करावं हे शिकवणारे लोक मयताच्या घरी एक मिनिट टिकले नसते.

काश्मीर खोऱ्यानं २३ एप्रिलला कडकडीत बंद पाळला, मशिदींच्या भोंग्यांवरून हल्ल्याचा निषेध झाला. त्या शुक्रवारी असदुद्दीन ओवैसींच्या आवाहनावरून देशात जागोजागी नमाजाला लोक दंडावर काळ्या फिती बांधून गेले. कासीम रझवी ज्या मजलिसचा अध्यक्ष होता, त्याच नावाच्या पक्षाचे ओवैसी आज अध्यक्ष आहेत. इतिहास एवढा बदलतो, आणि फाट्यावरच्या आमच्या तोंडी मात्र एकच वाक्य राहतं. तरीही ह्या काळ्या फितींनी मी थोडा अस्वस्थ झालो. मोटारी भरणाऱ्या मिस्त्रीनं बैसरनच्या गोळ्यांचा हिशेब का द्यावा? मी नाही देत कुठल्या हिंदूच्या गुन्ह्याचा. कुणी आपणहून दुःख दाखवलं तर ते त्याचं मोठेपण. ते मागून घेणं ही झडती झाली.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात लातूर शहरातून बातमी आली. तिशीतल्या एका मुसलमान तरुणाला रस्त्यावर 'पाकिस्तानी' म्हणून हिणवलं, मारलं, मोबाइलवर त्याचं चित्रण केलं, आणि त्या धसक्यानं त्यानं घरी गळफास घेतला, अशी तक्रार त्याच्या घरच्यांनी दिली. पोलिसांनी गुन्हा नोंदवला. पहलगामपासून कितीतरी लांब, आमच्या बाजारपेठेच्या गावात, एका शब्दाचं असं होऊ शकतं. हॉटेलातलं वाक्य आणि ही बातमी ह्यांत फक्त काही दिवस आणि २० किलोमीटरचं अंतर होतं. 'नुसतं बोलला तर काय बिघडलं' म्हणणाऱ्यांसाठी मी ती बातमी कापून ठेवली आहे.

पुढं ७ मे उजाडला, ऑपरेशन सिंदूर झालं, सायरनच्या तालमी झाल्या आणि फाट्यावरचा विषय बदलला. पोराचा मामेभाऊ सुखरूप होता. मोटारही भरून झाली.

जूनच्या पहिल्या पावसाआधी मी मिस्त्रीच्या दुकानात गेलो होतो. तो स्टेटरच्या खाचांतून तार ओवत होता, एक एक वेटोळं बोटानं दाबत. मी विचारलं, तो पोरगा आला होता का? "आला की. पैसे दिले, मोटार घिऊन गेला. सलामबी केला." मग तार तशीच धरून म्हणाला, "त्येचा राग न्हाई मला, सर. पोरगं हाय, गरम डोस्कं. बापूंचं बरं वाटलं. पर बाकीचे व्हते ना, ते सगळे माझे गिऱ्हाईक हायेत, धा-धा वर्सांचे. दुसऱ्या दिवशी एक एक जण दुकानावर येऊन हळूच म्हणून गेला, मिस्त्री, मला ते पटलं नव्हतं बघ."

दुसऱ्या दिवशी दुकानावर येऊन हळूच सांगणारी माणसं रेणापुरात चिक्कार आहेत, आणि तुमच्याही गावात असतील. त्यांना एवढंच सांगणं आहे की जे पटलं नाही ते हॉटेलातच म्हणा, तिथंच, चहा संपायच्या आत. शिवी न देता म्हणा, पण ज्याच्याबद्दल बोललं गेलं त्याला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणा.